१ ऑगस्ट १९२० : एकाच रविवारी घडलेल्या तीन गोष्टी

दरवर्षी १ ऑगस्टला महाराष्ट्रातल्या शाळांत आणि सरकारी कचेऱ्यांत एकाच टेबलावर दोन तसबिरी मांडतात. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी, अण्णाभाऊ साठे यांची जयंती. दोघांनाही हार घातले जातात, भाषणं होतात. पण तारखेबरोबर या दोन्ही घटनांचं सालही एकच आहे, हे त्या भाषणांतून क्वचितच ऐकू येतं. त्याच दिवशी गांधीजींनी असहकाराची चळवळ सुरू केली, हे तर आपण जवळजवळ विसरलोच आहोत.

या तिन्हींपैकी आधी ठरलेली होती ती फक्त असहकाराची तारीख. जालियनवाला बागेच्या हत्याकांडावरचा हंटर समितीचा अहवाल मे १९२० मध्ये आला आणि त्याने लोकांचा संताप आणखी वाढवला. तुर्कस्तानच्या सुलतानाच्या खलिफापदाच्या, म्हणजे खिलाफतीच्या, प्रश्नावर मुसलमान समाजही दुखावलेला होता. जूनमध्ये अलाहाबादच्या बैठकीत खिलाफत समितीने असहकाराचा मार्ग स्वीकारला आणि १ ऑगस्ट हा दिवस मुक्रर झाला. काँग्रेसने मात्र तेव्हा होकार दिलेला नव्हता. तो सप्टेंबरच्या कलकत्ता अधिवेशनात मिळाला आणि डिसेंबरमध्ये नागपुरात पक्का झाला. गांधीजी काँग्रेससाठी थांबले नाहीत. १ ऑगस्टलाच त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून कैसर-ए-हिंद हे पदक आणि बोअर युद्ध व झुलू बंडाच्या वेळच्या शुश्रूषाकार्यासाठी मिळालेली पदकं परत केली.

टिळकांचा या कार्यक्रमावर पुरता विश्वास नव्हता. कौन्सिलांवर, म्हणजे कायदेमंडळांवर, बहिष्कार टाकण्यापेक्षा आत शिरून सरकारला अडवावं, हा त्यांचा पिंड. तरीही लोक तयार होणार असतील तर आपण आड येणार नाही, असं त्यांनी गांधीजींना सांगितलं होतं. पुढे ते काय करते, हा महाराष्ट्राच्या राजकारणातला मोठा प्रश्न अनुत्तरितच राहिला. जुलैमध्ये ते मुंबईत आले होते, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरले होते. ताप आला, बळावला आणि ३१ जुलैची मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात त्यांचं निधन झालं. दिवस उजाडताच मुंबई रस्त्यावर उतरली. अंत्यसंस्कार नेहमीच्या स्मशानात न होता खास परवानगीने गिरगाव चौपाटीवर झाले. गांधीजींनी तिरडीला खांदा दिला, खिलाफत चळवळीचे नेते शौकत अलीही अंत्ययात्रेत होते.

चळवळीचा पहिला दिवस असा शोकाचा दिवस झाला. पुढच्या वर्षी टिळक स्वराज्य फंडासाठी १ कोटी रुपये उभे करायचं ठरलं आणि ते जमलेही. पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, ३१ जुलै १९२१ रोजी, परळमध्ये परदेशी कापडाची प्रचंड होळी पेटली. असहकाराबद्दल ज्यांच्या मनात शंका होती, त्यांचंच नाव असहकाराच्या निधीला मिळालं. मला हे इतिहासातलं फार बोलकं वळण वाटतं.

आणि अण्णाभाऊंचं वाटेगाव? तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलं, वाळवा तालुक्यातलं हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. तिथल्या मांगवाड्यात त्याच दिवशी तुकाराम भाऊराव साठे जन्मला. टिळकांच्या राजकारणाची आणि या वस्तीची गाठ कधी नीट पडलीच नव्हती, हे दोन तसबिरींना एकत्र हार घालताना लपवू नये. १९१८ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने मुंबईत भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत टिळकांनी अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केलं, पण ती न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सही केली नाही. त्या सहीची उणीव आजही बोचते.

दोघांमधला खरा दुवा शोधायचा तर तो गिरणगावात सापडतो. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, गोळ्याही झेलल्या. एखाद्या राजकीय कारणासाठी इथल्या कामगारांनी एवढा मोठा संप पुकारण्याची ती पहिली वेळ. अण्णाभाऊ लहानपणी वडिलांबरोबर वाटेगावहून पायी मुंबईला आले, ते याच कामगारांच्या वस्तीत. मिळेल ते काम करत गिरणीतही लागले. शाळेचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. अक्षरं त्यांनी याच शहरात गिरवली. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभेआधी त्यांचा डफ आणि त्यांची लावणी ऐकायला माणसं गर्दी करत.

ज्या स्वराज्याची मागणी टिळकांनी जन्मसिद्ध हक्क म्हणून केली होती, ते मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्ट १९४७ रोजी, अण्णाभाऊंनी मुंबईत मोर्चा काढला. घोषणा होती, ‘ये आझादी झूठी है, देश की जनता भूखी है.’