फेनिलकीटोन्युरियाचा आहार: एका संशोधकाच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार आहे: अन्नातील प्रथिनांतून मिळणारे फेनिलॲलनिन हे अमिनो आम्ल शरीराला नीट वापरता येत नाही, ते रक्तात साठते आणि मेंदूची हानी करते. त्याचे निदान १९३४ पासून होऊ शकत होते. नॉर्वेतील एका डॉक्टरने बौद्धिक वाढ खुंटलेल्या दोन भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले, ती हिरवी झाली आणि त्या रंगामागचे आम्लही त्याने शोधून काढले. परंतु पुढची सुमारे दोन दशके या निदानाचा पालकांना उपयोग नव्हता, कारण त्यापुढे उपचार नव्हता.

हे चित्र बदलणारा संशोधक, हॉर्स्ट बिकेल, जन्माने जर्मन होता. झुरिचमध्ये असताना, १९४९ साली, त्याने आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यासह यकृत आणि मूत्रपिंडात ग्लायकोजेन साठण्याचा एक विकार वर्णिला, जो आजही दोघांच्या नावांनी ओळखला जातो. त्यानंतर तो बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात आला. तिथे सतरा महिन्यांच्या एका मुलीला फेनिलकीटोन्युरिया असल्याचे आढळले. उपचार नाही, हे उत्तर तिच्या आईने स्वीकारले नाही. ती रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राही आणि उपाय कधी सापडणार, असे विचारी. उपचाराच्या इतिहासात या स्त्रीला सहसा एखादे वाक्य मिळते. तिचा वाटा त्याहून बराच मोठा आहे.

फेनिलॲलनिन नसलेला आहार तयार करण्यासाठी, लंडनमधील एका रसायनतज्ज्ञाने सुचवलेल्या मार्गाने केसीन या दुधातील प्रथिनाचे विघटन करून ते द्रावण सक्रिय कोळशातून गाळण्यात आले. फेनिलॲलनिनसोबत टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनही निघून जात, म्हणून ती दोन अमिनो आम्ले परत मिसळावी लागत. फेनिलॲलनिन पूर्ण वगळल्यावर मुलीचे वजन घटले, तेव्हा थोडे दूध देऊन त्याचे प्रमाण बेताचे ठेवण्यात आले. काही महिन्यांत ती रांगू लागली, उभी राहू लागली, खुर्च्यांवर चढू लागली. तिचे केस काळसर झाले आणि डोके आपटणे थांबले.

यानंतरचा निर्णय मात्र आजही वादाचा आहे. सुधारणा आहारामुळेच झाली, की आईच्या आशेला ती तशी दिसत होती, हे ठरवण्यासाठी संशोधकांनी आईला न सांगता आहारात रोज पाच ग्रॅम फेनिलॲलनिन मिसळले. सहा तासांत मुलगी रडू लागली आणि पुन्हा डोके आपटू लागली. चोवीस तासांत तिला उभे राहता येईना, रांगणेही जेमतेम जमे. दहा महिन्यांत कमावलेले सारे काही दिवसांत गेले, असे त्या बेसावध आईने कळवले. पुढे तिच्या संमतीने हाच प्रयोग रुग्णालयात, सर्वांच्या नजरेसमोर करण्यात आला आणि १९५३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुराव्याच्या दृष्टीने पहिली चाचणी अधिक बिनतोड होती, हे मान्य करावे लागते. तरीही प्रयोगासाठी स्वेच्छेची संमती अत्यावश्यक असल्याचे नाझी डॉक्टरांवरील न्यूरेंबर्ग खटल्याच्या निकालपत्राने १९४७ मध्येच नोंदवले होते, आणि दुसरा प्रयोग संमतीने होऊ शकला, तर पहिलाही होऊ शकला असता. त्या मुलीचा आहार पुढे सुटला आणि तिचे उर्वरित आयुष्य काळजी घेणाऱ्या संस्थेत गेले.

मारबर्ग आणि नंतर हायडेलबर्ग येथील पुढच्या कारकिर्दीत या संशोधकाचा भर लवकर निदानावर राहिला, कारण मेंदूची एकदा झालेली हानी आहाराने भरून निघत नाही. बाळाच्या टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबांची चाचणी १९६० च्या दशकात आली आणि लघवीच्या तपासणीची जागा तिने घेतली. आहार किती वर्षे चालवायचा, हा प्रश्न मात्र बराच काळ लोंबकळत राहिला. मेंदूची वाढ झाली की तो थांबवता येईल, या समजुतीने अनेक मुलांचा आहार शाळकरी वयातच बंद करण्यात आला, आणि काहींची बुद्धिमत्ता पुन्हा घसरल्याचे दिसून आले. त्यांतल्या मुली मोठ्या होऊन आई झाल्या, तेव्हा त्यांच्या रक्तातील वाढलेल्या फेनिलॲलनिनने, स्वतःला हा विकार नसलेल्या गर्भाचीही हानी केली. म्हणूनच गर्भधारणेच्या आधीपासून पथ्य काटेकोर पाळण्याचा आणि एरवीही ते जन्मभर सांभाळण्याचा सल्ला रूढ झाला.

अमेरिकेत २००७ मध्ये काही रुग्णांना लागू पडणारी गोळी आणि २०१८ मध्ये प्रौढांसाठी विकराचे (एन्झाइमचे) इंजेक्शन मंजूर झाले. तान्ह्या बाळाचा पहिला उपचार मात्र अजूनही आहाराचाच आहे: फेनिलॲलनिन वगळलेले मिश्रण आणि रक्तातील पातळी पाहून त्याच्या जोडीला बेताने दिलेले आईचे दूध.