एकट्याने परदेशी, बस-रेल्वेने : निघण्याआधी वाचायचं पत्रक

नमस्कार. विमानाचं तिकीट आणि राहायची खोली आपण मिळून ठरवली आहे. मधला भाग मात्र तुमचा तुम्हालाच निभवायचा आहे. सकाळी खोलीबाहेर पडायचं, दिवसभर हिंडायचं आणि रात्री परत यायचं, तेही ड्रायव्हर, गाइड आणि ग्रुप यांच्याशिवाय. हे पत्रक त्या मधल्या भागासाठी आहे.

ऑफिसात समोर बसल्यावर बहुतेक जण आधी विचारतात, "हरवलो तर?" फोन चालू असेल तर माणूस सहसा हरवत नाही. आमच्याकडे अडचणीचे जे फोन येतात त्यांत दोन तक्रारी जास्त असतात. एक तर शेवटची गाडी निघून गेलेली असते, नाहीतर तिकीट खिशात असूनही तपासनीसाने दंड लावलेला असतो. म्हणून या दोन गोष्टींवर सविस्तर लिहिलं आहे. बाकीचं भरभर उरकलं आहे.

दिवस उलटा आखा

आपण सवयीने विचार करतो की सकाळी किती वाजता निघू, काय काय बघू. एकट्याने फिरताना सुरुवात रात्रीपासून करा. उद्या जिथे सगळ्यात लांब जाणार आहात, तिथून परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते आदल्या रात्री बघा. मग तिच्या आधीची बघा. ती आधीची गाडी तुमची. शेवटची राखीव. चौघे असतील तर गाडी चुकल्यावर टॅक्सीचे पैसे वाटून घेतात, हसतात आणि विसरतात. एकट्याला तो सगळा भुर्दंड स्वतःच सोसावा लागतो, आणि डोंगरातल्या गावात रात्री टॅक्सी मिळेलच असंही नाही.

यात तीन ठिकाणी माणूस फसतो. पहिलं, रविवार. युरोपात बस आणि रेल्वेच्या वेळापत्रकात आठवड्याचे दिवस, शनिवार, आणि रविवार व सुट्ट्या असे वेगवेगळे रकाने असतात. जर्मन भाषेच्या प्रदेशात थांब्यावरच्या तक्त्यात 'झोन उंट फायरटाग' असा रकाना दिसला की तो रविवार आणि सणासुदीच्या सुट्टीचा. त्या दिवशी तासाला दोन असलेली बस दिवसाला दोनही होऊ शकते. दुसरं, केबल कार. खालची बस संध्याकाळी सातपर्यंत असली तरी वरून खाली येणारा पाळणा दुपारीच बंद झालेला असू शकतो. दोन्ही वेळा वेगवेगळ्या बघायच्या. तिसरं, मध्यरात्र. शनिवारी रात्रीची ००:२० ची बस अ‍ॅपमध्ये रविवारच्या तारखेखाली दिसते. शनिवार उघडून शोधलंत तर ती सापडणार नाही, किंवा आदल्या रात्रीची सापडेल.

मोठ्या शहरात रात्रभर गाड्या असतात असा अनेकांचा समज आहे. टोकियोतल्या लोकल आणि मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबतात आणि पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात. लंडनची रात्रीची मेट्रो २०१६ मध्ये सुरू झाली, पण ती शुक्रवारी आणि शनिवारी, तीही मोजक्याच मार्गांवर. रात्रीच्या बस मात्र तिथे भरपूर आहेत. आणखी एक बारीक गोष्ट : मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपातली घड्याळं एक तास पुढे-मागे होतात. त्या रविवारी सकाळची गाडी असेल तर हातातल्या घड्याळावर विसंबू नका.

उलटं उदाहरणही सांगायला हवं, कारण ते आमचं लाडकं आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून गाड्या ठरावीक मिनिटाला सुटतात. एखादी गाडी ९:१७ ला असेल तर ती १०:१७, ११:१७ अशी दिवसभर दर तासाला येणार. रेल्वे उभी राहते, बाहेर पिवळी पोस्टबस उभी असते, आणि दोघींच्या वेळा एकमेकींशी जुळवलेल्या असतात. तिथे वेळापत्रक पाठ करायची गरज नाही, फक्त मिनिट लक्षात ठेवायचं. पहिल्यांदाच एकट्याने निघालेल्यांना आम्ही बहुतेक वेळा हाच देश सुचवतो. महाग आहे, हे मान्य.

गाडी बरोबर, डबा चुकीचा

त्याच देशातली ही गोष्ट. इंटरलाकन ओस्टहून डोंगराकडे जाणारी गाडी त्स्वाइल्यूत्शिनन नावाच्या छोट्याशा स्टेशनवर तुटते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला जातात, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. आमच्यापैकी एकीला पहिल्या खेपेला जायचं होतं लाउटरब्रुनेनला. फलाट बरोबर, वेळ बरोबर, गाडीही बरोबर. खिडकीची रिकामी जागा दिसली म्हणून ती बसली. दोन डबे सोडून पुढच्या डब्यावर वेगळं नाव होतं, पण तिकडे लक्ष गेलं नाही. स्टेशन आलं, बारीकसा धक्का बसला, गाडी हलली आणि डावीकडे वळली. फोनवरचा निळा ठिपका भलत्याच दरीत सरकायला लागला, तेव्हा कुठे दारावरच्या पट्टीवरचं नाव तिने वाचलं. मग ग्रिंडेलवाल्डपर्यंत जाऊन परत फिरली. पास होता म्हणून जास्तीचे पैसे पडले नाहीत, पण सकाळ गेली.

अशा तुटणाऱ्या गाड्या खूप आहेत. जपानमध्ये हायाबुसा आणि कोमाची या शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, टोकियोहून जोडीने निघतात आणि मोरिओकाला वेगळ्या होतात. म्हणून चढण्याआधी डब्याच्या बाहेर लिहिलेलं ठिकाण वाचा, गाडीच्या तोंडावरचं नव्हे. फलाटावर ए, बी, सी, डी अशी अक्षरं टांगलेली असतील तर ती याचसाठी असतात. आत बसल्यावर शेजाऱ्याला फक्त गावाचं नाव प्रश्नार्थक सुरात विचारा. त्याला कुठलीही भाषा लागत नाही.

तिकीट घेतलं, पण चालू केलं का?

जिथे दारात फाटक असतं, तिथे चूक होत नाही, कारण फाटक उघडतच नाही. खरा घोळ फाटक नसलेल्या ठिकाणी होतो. जर्मनीत मेट्रोत सरळ चालत जाता येतं, कोणी अडवत नाही. पण यंत्रातून घेतलेल्या तिकिटावर अनेक शहरांत आधी शिक्का मारावा लागतो. फलाटाच्या तोंडाशी किंवा बसच्या दारात कमरेच्या उंचीवर एक छोटी पेटी असते. तिच्या फटीत तिकीट बाणाच्या दिशेने सरकवायचं, 'टक' असा आवाज येतो आणि तारीख-वेळ उमटते. उमटली का ते बघा, कधीकधी शाई संपलेली असते. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि त्याचा दंड ६० युरो. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, दोन थांब्यांच्या मध्ये ओळखपत्र काढतात आणि नम्रपणे पावती फाडतात. "पर्यटक आहे, माहीत नव्हतं" हे त्यांनी रोज ऐकलेलं असतं.

प्रागमध्येही हेच, पेट्या पिवळ्या असतात. इटलीत प्रादेशिक गाड्यांचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालायचं. पॅरिसमध्ये तिकीट शेवटपर्यंत जपून ठेवायचं, कारण तपासणी बाहेर पडतानाही होते.

आता कार्डाचं. बऱ्याच शहरांत बँकेचं टॅप करायचं कार्डच तिकीट म्हणून चालतं आणि एकट्या प्रवाशासाठी यासारखी सोय नाही. लंडनच्या बसमध्ये तर २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. तिथे बसमध्ये फक्त चढताना टॅप, मेट्रोत मात्र चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा. उतरताना विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. दिवसाचं भाडं एका मर्यादेपर्यंत पोचलं की पुढचा प्रवास फुकट, पण ही मर्यादा एकाच कार्डावर मोजली जाते. फोनमधलं कार्ड आणि पाकिटातलं तेच प्लॅस्टिकचं कार्ड या यंत्राच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत. सकाळी फोन आणि संध्याकाळी प्लॅस्टिक वापरलंत तर हिशेब दोन्हीकडे शून्यापासून सुरू होतो. सिंगापूरला बसमधून उतरतानाही टॅप लागतो. नेदरलँड्समध्ये एकाच कार्डावर देशभर फिरता येतं, पण एका कंपनीच्या रेल्वेतून दुसऱ्या कंपनीच्या रेल्वेत जाताना आधी एकीच्या टॅप करायच्या खांबावर कार्ड लावून बाहेर पडायचं, मग दुसरीच्या खांबावर कार्ड लावून आत जायचं. खांब शेजारी-शेजारीच असतात, रंग बघा.

जपानमधल्या गावांकडच्या बसची रीत सगळ्यांत गमतीची. चढायचं मागच्या दाराने. दाराशी एक यंत्र नंबर छापलेलं कागदाचं चिटोरं देतं, ते घ्यायचं. समोर ड्रायव्हरच्या वर एक फलक असतो, त्यात प्रत्येक नंबराखाली भाडं लिहिलेलं आणि थांबे जातील तसं वाढत जाणारं. तुमच्या नंबराखाली जो आकडा असेल तेवढे पैसे आणि चिटोरं पुढच्या दाराजवळच्या पेटीत टाकून उतरायचं. पेटी जास्तीचे टाकलेले पैसे परत देत नाही, पण नोटेचे सुटे करून देते, म्हणून बस थांब्यावर उभी असतानाच आधी नोट मोडून घ्या.

पास विकत घेण्याआधी बेरीज

पास घ्या असं आम्ही डोळे मिटून सांगत नाही. जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियो ते क्योतो जाऊन-येऊन सुमारे २८,००० येन लागतात. म्हणजे फक्त ही दोन शहरं बघायची असतील तर पास तोट्यात जातो. शिवाय नोझोमी या सर्वांत वेगवान गाडीला पासवरही जास्तीचे पैसे पडतात. पॅरिसचा आठवड्याचा पास सोमवार ते रविवार चालतो. शनिवारी पोचणाऱ्याला पहिले दोन दिवस त्याचा उपयोग नाही. युरेल पास, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेचा एकच पास, हातात असला तरी फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीत आणि इटली-स्पेनच्या वेगवान गाड्यांत आरक्षण वेगळं घ्यावं लागतं. स्वित्झर्लंडचा पास ३, ४, ६, ८ आणि १५ दिवसांचा मिळतो, त्यात रेल्वे, बस, बोटी आणि ५०० हून अधिक संग्रहालयं येतात. युंगफ्राउयोख या बर्फातल्या उंच स्टेशनला जायला मात्र फक्त सवलत मिळते, हे ऐकून दर वर्षी कोणी ना कोणी हिरमुसतं. आणि लक्झेंबर्गला तर हिशेबच नको. तिथे २०२० पासून देशभर सार्वजनिक वाहतूक सगळ्यांना फुकट आहे, पाहुण्यांनाही. रेल्वेच्या पहिल्या वर्गाचे तेवढे पैसे पडतात.

सामान

एकट्याच्या सामानावर लक्ष ठेवायला दुसरं कोणी नसतं. शौचालयात जायचं तरी बॅगेचं काय करायचं हा प्रश्न येतो. आमची कसोटी सोपी आहे : भरलेली बॅग उचलून न थांबता दोन जिने चढून बघा. नाही जमलं तर अर्धे कपडे बाहेर काढा, कारण जुन्या मेट्रो स्टेशनांत लिफ्ट असेलच असं नाही. पासपोर्ट, दुसरं कार्ड आणि फोन अंगावर, बॅगेत नाही. रेल्वेत दाराजवळच्या फळीवर बॅग ठेवली असेल तर प्रत्येक स्टेशनवर दारं बंद होईपर्यंत नजर तिकडे असू द्या. शिनकानसेनच्या मुख्य मार्गांवर लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर त्या बॅगेसाठी वेगळी जागा आरक्षित करावी लागते. त्यापेक्षा तिथे बॅग पुढच्या हॉटेलवर पाठवणारी सेवा वापरा. सामान बहुतेकदा दुसऱ्या दिवशी पोचतं.

फोन, आणि फोन संपल्यावर

तिकीट फोनमध्ये असेल तर चार्जिंग संपणं म्हणजे तिकीट हरवणं. पॉवर बँक खिशात हवीच. हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत कागदावर लिहून घ्या. नकाशा आधीच उतरवून ठेवा. दक्षिण कोरियात गुगल मॅप्स पायी चालण्याचे रस्ते धड दाखवत नाही, तिथे नेव्हर मॅप हे तिथलं अ‍ॅप लागतं.

उशीर आणि संप

युरोपियन युनियनमध्ये रेल्वे एक तास किंवा जास्त उशिरा पोचली तर भाड्याच्या किमान २५ टक्के आणि दोन तासांच्या वर ५० टक्के परत मागता येतात. भयंकर हवामानासारखी कारणं त्यातून वगळली आहेत. तिकीट आणि उशिराचा फोटो काढून आम्हाला पाठवा, अर्ज आम्ही भरतो. इटलीत संप आधी जाहीर होतात आणि संपाच्या दिवशीही कामाच्या दिवसांत सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. त्या दिवशी प्रवास त्या वेळेत बसवा.

एक जागा अशी आहे जिथे आम्ही स्वतःच टॅक्सी घ्या म्हणतो : विमान रात्री उतरणार असेल तर पहिली रात्र. झोप नाही, नाणी नाहीत, फोनचं सिम अजून चालू नाही. त्या रात्री बस शोधण्यात काही मजा नाही. त्याच कारणाने तुमचा पहिला मुक्काम आम्ही स्टेशनपासून पायी दहा मिनिटांच्या आत ठेवला आहे.

आमच्याकडून तुम्हाला दर दिवसाची जाण्या-येण्याची आखणी आणि जिथे लागतील तिथली आरक्षणं मिळतात. तिथे सोबत येणारं कोणी मिळत नाही. वेळापत्रकं बदलतात, म्हणून आमच्या कागदावरची वेळ आदल्या रात्री त्या-त्या रेल्वेच्या अ‍ॅपवर पुन्हा ताडून बघा. या पत्रकाची मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे. घडी करून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा आणि रोज रात्री तिच्यावर दोनच वेळा लिहा : 'माझी गाडी' आणि 'शेवटची गाडी'. पेन्सिलने लिहिलंत तर खोडता येईल.