रानपिंगळ्याची जीनस : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

सातपुड्यातला रानपिंगळा हे छोटे घुबड काही पुस्तकांत 'हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी' या नावाने भेटते, काहींत 'अथेनी ब्लेविटी' या नावाने. नावातला पहिला शब्द जीनसचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा. साधा पिंगळा अथेनीतला, तेव्हा वाद असा की रानपिंगळाही त्याच गटातला की वेगळ्या. 1873 मध्ये त्याचे पहिले वर्णन झाले ते छत्तीसगडात मिळालेल्या नमुन्यावरून, आणि त्याच वेळी त्याच्यासाठी हेटेरोग्लॉक्स ही वेगळी जीनस काढली गेली. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे नमुने सातच. त्यांतले बहुतेक खान्देशातले, 1884 पर्यंत गोळा केलेले. पुढे शंभरावर वर्षे हाती काही नाही.

नाही म्हणायला, 1914 साली गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी असलेला एक नमुना होता. 1990 च्या दशकात तो बारकाईने तपासला तेव्हा तो खान्देशातलाच निघाला: दुसऱ्याच्या संग्रहातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला, चिठ्ठी बदललेला. भरण्याची पद्धत मूळ संग्राहकाची होती, त्यावरून लबाडी उघडी पडली. ती नोंद बाद केल्यावर शोध खऱ्या जागांवर आला आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ पक्षी दिसला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला. माहितीच्या तक्त्यात नुसते जिल्ह्याचे नाव भरले की एकच जागा दोन ठिकाणी मोजली जाते. त्याआधीचा नुसता 'खान्देश' तर 1906 पर्यंत अखंड जिल्हा होता, म्हणजे तेवढ्या शब्दावरून जळगावही येते आणि तळोदाही. गाव आणि अक्षांश-रेखांश लिहिल्याशिवाय नोंद धरू नये.

आता मूळ वाद. स्वतंत्र जीनस हवी म्हणणाऱ्यांचा आधार शरीररचनेचा: कवटी आणि चोच मोठी, पाय जाड, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, आवाज वेगळा, शिवाय हा दिवसाढवळ्या शिकार करतो. उलट बाजूचे म्हणणे, यातल्या बऱ्याच गोष्टी भक्ष्याशी बांधलेल्या आहेत. सरडे, सापसुरळ्या, उंदीर पकडणाऱ्याचे पंजे दणकट होणारच, आणि अशी लक्षणे नैसर्गिक निवडीच्या दाबाखाली लवकर बदलतात. त्यांवरून नाते ठरवणे धोक्याचे. अमेरिकेतले बिळात राहणारे लांब पायांचे घुबड असेच बराच काळ वेगळ्या जीनसमध्ये होते, ते पुढे अथेनीत आले. 1976 मध्ये रानपिंगळ्यालाही अथेनीत घालण्याची मांडणी झाली, पण तीही संग्रहालयातल्या कातड्यांवरूनच, म्हणजे शरीररचनेवरूनच.

जनुकीय उत्तर 2018 मध्ये आले. मायटोकॉन्ड्रिया (पेशीतले ऊर्जा पुरवणारे घटक) आणि केंद्रक या दोन्हींतली जनुके तपासून काढलेल्या वंशवृक्षात रानपिंगळ्याची फांदी अथेनीच्या आतच निघाली. तरीही त्याला बाहेर ठेवायचे तर अथेनीचेही तुकडे करावे लागतील. एवढा खटाटोप करण्याजोगा पुरावा आम्हाला दिसत नाही. 'अख्ख्या जीनसमधला एकुलता एक' हे वाक्य मात्र निधीच्या अर्जात फार वजनदार होते. ते सोडणे काहींच्या जिवावर येते, असे वाटते.

या जनुकीय कामात घात होतो तो नमुन्यापाशी. पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, त्यामुळे जाळे लावायलाही आधी वनखात्याची लेखी परवानगी लागते. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, म्हणून रक्ताचा थेंबही पुरतो. पण त्याच कारणाने एक घोटाळा होतो: मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांच्या जुन्या, निकामी प्रती केंद्रकात पडून असतात आणि प्रयोगशाळेत डीएनएच्या प्रती वाढवताना रक्तातून खऱ्या जनुकाऐवजी त्याच वाढून येऊ शकतात. प्रथिन घडवणाऱ्या जनुकात मधेच थांबा-संकेत (प्रथिन तिथेच तुटेल असा संकेत) दिसला तर तो क्रम बाजूला काढावा. पीस असेल तर कागदी पाकिटात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. संग्रहालयातल्या नमुन्याच्या तळपायाची चकती घेतली तर डीएनए तुकड्या-तुकड्यांतच मिळतो. ते काम ताज्या रक्ताच्या टेबलावर कधीच करू नये. ताज्या डीएनएचा कणभर अंश मिसळला तरी जुना झाकला जातो.

1997 नंतर तोरणमाळ, तळोदा, यावल, मेळघाट आणि पुढे तानसापर्यंत नोंदी वाढल्या, आणि 2018 मध्येच जागतिक यादीत त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' वर आला. पक्षी वाढले म्हणून नव्हे, शोधणारे वाढले म्हणून. तळोद्याच्या बाजूचे सपाटीवरचे जंगल दरम्यान शेतीखाली आणि सरदार सरोवराच्या पुनर्वसनासाठी गेले, ते या आकड्यांत कुठे दिसत नाही.

मोजणी सकाळी, ध्वनिमुद्रित साद वाजवून होते. हीही सोय 1997 नंतरची, कारण त्याआधी आवाजच ठाऊक नव्हता. जंगलाच्या कडेला साधा ठिपकेवाला पिंगळाही येतो. म्हणून नुसत्या प्रतिसादावर नोंद करू नये. ठिपके नसलेले डोके, छातीचा सलग तपकिरी रंग आणि शेपटीचे रुंद पांढरे पट्टे डोळ्यांनी पाहावेत. वीण साधारण ऑक्टोबर ते मे, झाडाच्या ढोलीत. त्या काळात साद पुन्हा पुन्हा वाजवली की नर शिकार सोडून हद्द राखत बसतो आणि ढोलीतल्या मादीचे खाणे अडते.