चलान मान्य नसेल तर

दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात मोबाइलवर मेसेज आला: विनाहेल्मेट, पाचशे रुपये. लिंक उघडली. फोटोत भर चौकात एक काळी स्कूटर, तिच्यावर जर्किन घातलेला एक मुलगा, पायाशी भिजलेलं पोतं. खाली छापलेला नंबर माझ्या गाडीचा. माझी स्कूटर पांढरी आहे, आणि त्या दिवशी ती गॅरेजच्या दारात पंक्चर होऊन उभी होती. फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला तेव्हा उलगडा झाला. चिखल उडालेल्या नंबरप्लेटवरचा तीन कुणीतरी आठ म्हणून वाचला होता.

शेजारचे काका म्हणाले, "भरून टाक गं. पाचशे रुपयांसाठी कोण कोर्टात जातं? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." त्यांच्या बोलण्यात माया होती, आणि बहुतेक घरांत हाच सल्ला मिळतो. पण मी चुकलेच नव्हते. मग पुढचे काही महिने हा कायदा वाचत गेले. वाचताना एक गोष्ट कळली, ती आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. रस्त्यावर किंवा मोबाइलवर आपण जे भरतो, तो कायद्याच्या भाषेत दंड नसतोच.

मोटार वाहन कायदा १९८८ चा, लागू झाला १ जुलै १९८९ ला. त्याचं कलम २०० सांगतं की ठरावीक गुन्ह्यांत राज्य सरकारनं नेमलेला अधिकारी ठरावीक रक्कम घेऊन प्रकरण मिटवू शकतो. याला म्हणतात तडजोड शुल्क. दंड ठोठावण्याचा अधिकार फक्त न्यायालयाचा. पोलीस आपल्यापुढे एक प्रस्ताव ठेवतात: गुन्हा मान्य करा, इतके पैसे भरा, विषय संपला. प्रस्ताव म्हटला की तो नाकारताही येतो. नाकारला तर पोलिसांनी न्यायालयात जाऊन गुन्हा सिद्ध करायचा. "पावती फाडली" या आपल्या रोजच्या शब्दांत ही अर्धी बाजू कायमची झाकली गेली आहे.

ही नाकारण्याची सोय आजकालची नाही. तिचं मूळ शोधायला इंग्लंडात जावं लागतं, कारण आपला कायदा तिथल्या साच्यातून आला आहे. १९०३ मध्ये तिथे मोटारींसाठी ताशी वीस मैलांची, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरची वेगमर्यादा आली. पोलीस कुंपणाआड दडून, हातात स्टॉपवॉच धरून मोटारी पकडू लागले. १९०५ मध्ये तर मोटारवाल्यांनी अशा सापळ्यांची आगाऊ सूचना द्यायला स्वतःची संघटना काढली. या भांडणाचा अंदाज संसदेला आधीच आला असावा. कारण १९०३ च्या त्याच कायद्यात लिहिलं होतं की वेग किती होता याबद्दलच्या एकाच साक्षीदाराच्या नुसत्या मतावर कुणालाही दोषी ठरवता येणार नाही.

हे वाक्य किती दूर आलं पाहा. भारतात मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा, मग १९३९ चा, मग १९८८ चा. आणि आजच्या कलम १८३ मध्ये तेच तत्त्व बसलेलं आहे: गाडी अतिवेगानं जात होती असं एका साक्षीदाराला वाटलं, एवढ्यावर शिक्षा नाही, त्याचं मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजणीवर आधारलेलं हवं. कलम २०९ हे असंच दुसरं. १९३० च्या ब्रिटिश कायद्यात चौदा दिवसांत नोटीस देण्याची अट आली होती. आपल्याकडेही अतिवेग आणि धोकादायक ड्रायव्हिंगच्या खटल्यात चालकाला जागेवरच ताकीद दिलेली हवी, नाहीतर चौदा दिवसांत नोटीस रवाना झालेली हवी, नाहीतर अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेलं हवं. नाव-पत्ता सापडणंच शक्य नसेल तर सवलत आहे. यामागचा विचार साधा आणि माणुसकीचा आहे. दोन महिन्यांनी कुणी विचारलं की अमुक मंगळवारी तू कुठून, किती वेगानं जात होतास, तर कोण सांगू शकेल? आठवण ताजी असताना विचारलं, तरच बचाव करता येतो.

जुन्या पद्धतीत निदान माणूस समोर असायचा. मामा शिट्टी मारायचे, गाडी बाजूला घ्यायला लावायचे, लायसन्स मागायचे. वाद व्हायचा, कधी मांडवलीही व्हायची, ते काही चांगलं नव्हतं. पण आरोप कुणावर आहे आणि कशाचा आहे, हे दोघांनाही तिथल्या तिथे ठाऊक असे. मान्य नसेल तर प्रकरण कोर्टात जाई. "माझी स्कूटर पांढरी आहे हो," हे तोंडावर सांगता येत होतं.

मग कॅमेरे आले, आणि मुंबईत ते मुळात वाहतुकीसाठी आले नव्हते. २६/११ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनं शहरभर सीसीटीव्हीची शिफारस केली होती. निविदा रखडत रखडत जाळं उभं राहायला २०१६ उजाडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईत ई-चलान सुरू झालं, आणि पुढे 'एक राज्य एक चलान' म्हणत ते राज्यभर पोहोचलं. अतिरेकी शोधायला लावलेल्या डोळ्यांना सिग्नल तोडणाराही दिसू लागला. यात वाईट काही नाही. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. हेल्मेट, सिग्नल, वेग यांची सक्ती हवीच, असं मला मनापासून वाटतं. पण या बदलात एक गोष्ट नकळत उलटली. पूर्वी पकडला जायचा तो चालवणारा. आता पकडला जातो तो नंबर, आणि नंबरामागे ज्याचं नाव आहे तो मालक. मी तिथे नव्हतेच, हे दाखवण्याचं ओझं व्यवहारात मालकावर येऊन पडलं.

२०१९ नं रक्कम बदलली. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून दुरुस्ती कायद्याचे नवे दंड लागू झाले. कलम १७७ चा शंभराचा साधा दंड पाचशेवर गेला, विनालायसन्स गाडी चालवण्याचा पाचशेचा पाच हजारांवर. कायदा आणणारे नितीन गडकरी नागपूरचे, आणि त्यांना फेरविचाराचं पत्र पाठवणारे राज्याचे तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावतेही महाराष्ट्राचेच. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. राज्यानं वाढ रोखून धरली आणि तडजोड शुल्काचे नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये आले. शंभर रुपये चुकून गेले तर माणूस हळहळतो आणि विसरतो. मालवाहू गाडीच्या मालकाच्या नावावर हजारांची पाच चुकीची चलानं साचली, तर तो महिन्याचा हप्ता चुकवतो.

दंडाच्या बातम्यांपुढे त्याच दुरुस्तीतलं कलम १३६अ मात्र दुर्लक्षित राहिलं. इलेक्ट्रॉनिक देखरेखीला त्यानं कायद्याचं अधिष्ठान दिलं, आणि त्याखाली ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. चलान मान्य नसलेल्या प्रत्येकानं हा नियम वाचावा. कॅमेरा, स्पीडगन, अंगावरचा कॅमेरा, जे काही उपकरण असेल त्याला मान्यता प्रमाणपत्र हवं, आणि ते दरवर्षी नवं करून घ्यायला हवं. पुढे कॅमेरा आहे असा फलक ठळकपणे लावलेला हवा. चलानावर गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही स्पष्ट दिसणारा फोटो हवा. तारीख, वेळ, ठिकाण, कायद्याचं कलम हवं. नोटीस पंधरा दिवसांत निघायला हवी. प्रकरण निकाली निघेपर्यंत मूळ चित्रण जपून ठेवायला हवं. ज्या मोठ्या शहरांसाठी हा नियम प्रामुख्यानं केला, त्यांच्या यादीत सर्वाधिक, १९ शहरं महाराष्ट्रातली होती.

याच नियमात आणखी एक अट आहे: इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. तिचं महत्त्व ठसवणारा निकाल आपल्या जालन्याच्या खटल्यातला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर अगदी थोड्या मतांनी जिंकले, कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. उमेदवारी अर्ज वेळेत भरला होता का, हा मुद्दा निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ उपकरणच समोर आणलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागतंच. आता त्या जागी भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आहे. आमदारकीच्या खटल्यात चित्रण प्रमाणपत्राशिवाय चालत नाही, तर स्कूटरच्या खटल्यात फोटो तरी का चालावा?

राज्यात सगळ्यात जास्त राग साचला तो पोलिसांच्या खासगी मोबाइलवरून काढलेल्या फोटोंवर. चौकात उभं राहून मागून फोटो काढायचा, आणि सवडीनं चलान चढवायचं. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलानाविरुद्ध संप केला, तेव्हा ही तक्रार अग्रभागी होती. चलानासाठी खासगी मोबाइल वापरू नका, असा आदेश वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनी त्याच सुमारास काढला. नियम १६७अ मधली उपकरणांची यादी पाहिली, तर असा आदेश काढायची वेळच यायला नको होती.

आता कोर्टाच्या दाराकडे येऊ. ते दारही बदललं आहे. ३१ ऑक्टोबर २०२० ला तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी नागपूरला 'न्याय कौशल' या केंद्राचं उद्घाटन केलं, आणि त्याच वेळी काटोलला वाहतूक चलानांसाठी आभासी, म्हणजे ऑनलाइन चालणारं न्यायालय सुरू झालं. आभासी न्यायालयाच्या पानावर दोन पर्याय असतात: सुचवलेला दंड भरा, किंवा खटला लढवायचा आहे असं नोंदवा. दुसरा निवडला की प्रकरण त्या भागातल्या नेहमीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातं.

लोक बहुतेक वेळा अडकतात ते लोकअदालतीच्या नोटिशीत. मेसेजवर तारीख येते, मजकुरात कायद्याची कलमं असतात, आणि घरात धास्ती बसते. १९८७ च्या कायद्यानं उभी राहिलेली लोकअदालत ही मोलाची संस्था आहे, पण तिचं काम तडजोडीचं. तिथे रक्कम कमी होऊ शकते. चूक तुमची की चलानाची, हे ठरत नाही. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ज्याचा गुन्हा खरा आहे पण पैसे जड जातात, त्यानं जरूर जावं. ज्यानं गुन्हाच केला नाही, त्यानं तिथे सही करण्यापूर्वी थांबावं.

आणि मुदत. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालय घेऊ शकत नाही. हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. उशिराचं समाधानकारक कारण दिलं तर न्यायालय सवलत देऊ शकतं, पण कारण द्यावं लागतं. तरीही चार-चार वर्षांची, कधीच न्यायालयात न गेलेली चलानं ॲपवर तशीच लटकलेली दिसतात आणि गाडी विकायला निघालं की आडवी येतात.

माझं प्रकरण मी लढवलं. आधी ऑनलाइन तक्रार केली होती. ज्यांनी चलान केलं त्यांच्याच यंत्रणेकडे ती गेली आणि कारण न देता फेटाळून परत आली. मग कोर्ट. पहिल्या तारखेला दुपारपर्यंत बाकावर बसून राहिले. पुकारा झाला, साहेबांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल?"

"नाही."

कोर्टातल्या बाईंनी मान वर करून पाहिलं. शेजारी रांगेत उभे असलेले सगळे "कबूल" म्हणत होते. "वकील?" "मीच बोलते." कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून फोटोची मोठी प्रत काढून नेली होती. सोबत आरसी, त्यावर गाडीचा रंग छापलेला असतो: पांढरा. गॅरेजवाल्याची तारखेसह चिठ्ठी. दुसऱ्या तारखेला फोटो काढणारे कुणी आलं नाही. तिसऱ्या तारखेलाही नाही, आणि फोटोसोबतचं प्रमाणपत्रही आलं नाही. साहेबांनी फोटो आणि आरसी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, आणि निर्दोष असं लिहिलं. एकूण तीन अर्ध्या रजा.

ॲपवर ते चलान त्यानंतरही पाच आठवडे थकीत दिसत होतं. निकालाची नक्कल काढली, अर्ज जोडला, स्वतः नेऊन दिला, पोच घेतली. मग एका सकाळी ते यादीतून गेलं. नक्कल अजून स्कूटरच्या डिकीत, आरसीच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात आहे.