विसाव्या फ्रेटपुढचा एक सूर

बेस गिटार घ्यायला निघालेला नवशिका हल्ली दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "२४ फ्रेटची आहे ना?" फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवर, बोटांच्या पट्टीत ठोकलेले धातूचे आडवे पडदे; ते जास्त म्हणजे गिटार भारी, असा साधा हिशेब. पण २०, २१, २२, २४ हे आकडे कुणी चढत्या दर्जाने ठरवलेले नाहीत. बेसवाल्याने बँडमध्ये करायचं काय, याची कल्पना बदलत गेली तसे ते पडत गेले.

आधी होता उभा डबल बेस. माणसाएवढा उंच, वाजत्या तारेची लांबी ४१-४२ इंच, फ्रेट एकही नाही. सूर कानानेच शोधायचा; त्यात ड्रम आणि ट्रम्पेटसारख्या ब्रास वाद्यांच्या गदारोळात आवाज बुडायचा. सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकात गिटारसारखा धरून वाजवायचा विजेवरचा बेस केला, 'ऑडिओव्हॉक्स ७३६'. त्याला फ्रेट १६. तो फार कुणाच्या हाती पोचला नाही. पुढे १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनहून लिओ फेंडर यांचा 'प्रिसिजन बेस' आला: ३४ इंची स्केल (वाजत्या तारेची लांबी), २० फ्रेट. नावातली अचूकता फ्रेटमुळेच. फ्रेटच्या मागे बोट दाबलं की सूर जागच्या जागी. (आपल्या सतारीलाही १९-२० पडदे असतात. पण ते दोऱ्याने बांधलेले, रागाप्रमाणे सरकवता येणारे. बेसचे ठोकून बसवलेले. आकड्यापलीकडे साम्य शोधू नये.)

या विसात एक गंमत आहे. सगळ्यात जाड तार खुली, कुठेही न दाबता वाजवली की ई हा सूर मिळतो. तिथून चढत चढत सगळ्यात पातळ 'जी' (G) तारेच्या विसाव्या फ्रेटवर गेलात की ई फ्लॅट, म्हणजे ईच्या अर्धा सूर खाली. तीन सप्तकं पूर्ण व्हायला एकच सूर कमी! तान षड्जावर नेऊन सोडायची आणि तिथेच पट्टी संपलेली. त्या काळी हे कुणाला फारसं खटकलं नसणार, कारण वाजवणारे मूळचे खर्जाचे लोक. लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदातले मंक माँटगोमरी उभा बेस सोडून या नव्या वाद्याकडे आले, ते वर चढायला नव्हे. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे जेम्स जेमर्सन १९६२ च्या प्रिसिजनवर उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवायचे. बरंचसं काम खालच्या फ्रेटवर आणि खुल्या तारांवर. वरचे आठ-दहा फ्रेट कापून नेले असते तरी त्यांचं फार अडलं नसतं, असं मला वाटतं.

जर्मनीतल्या हॉफनरच्या व्हायोलिनच्या आकाराच्या बेसला मात्र २२ फ्रेट होते. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतला तो हाच.

सत्तरच्या दशकात बेसवाले पुढे येऊन सोलो वाजवू लागले आणि विसाची पट्टी अपुरी पडली. स्टॅन्ली क्लार्क यांच्या अलेम्बिक कंपनीच्या बेसला २४ फ्रेट, म्हणजे प्रत्येक तारेवर पुरी दोन सप्तकं. खुद्द लिओ फेंडर यांनी १९७६ मध्ये म्युझिक मॅन कंपनीच्या 'स्टिंगरे' बेसला २१ वा फ्रेट दिला आणि तो राहिलेला ई पदरात पडला. पुढे श्टाइनबर्गरचे बिनडोक्याचे (मानेच्या टोकाला तारा पिळायचा भाग नसलेले) बेस आणि १९८७ पासूनची आयबानेझची 'साउंडगियर' मालिका यांनी २४ हा आकडा सर्वसामान्य केला.

त्याची किंमतही मोजावी लागते. ३४ इंची स्केलवर विसाव्यापासून चोविसाव्या फ्रेटपर्यंत सुमारे ५६ मिलिमीटर, म्हणजे शेजारी-शेजारी ठेवलेली तीन बोटं. तेवढी पट्टी उजव्या हाताच्या जागेत घुसते. बेसवादक लॅरी ग्रॅहम यांनी रूढ केलेला स्लॅप नेमका तिथेच वाजतो: अंगठ्याने जाड तारेवर ठोका, तर्जनीने पातळ तार खालून उचलून सोडायची. २४ फ्रेटच्या बेसवर तर्जनी तारेखाली घातली की पेर लाकडावर आपटतं. स्लॅपवाल्याला २० किंवा २१ सोयीचे पडतात ते यामुळे. शिवाय पहिला फ्रेट नटपासून (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीपासून) ४८ मिलिमीटरवर असतो, तर २३ आणि २४ मधली जागा जेमतेम १३. जाड बोटांनी तिथे नेटकं वाजवणं कठीण; कटअवे (वर हात पोचावा म्हणून गिटारच्या अंगात दिलेला काप) उथळ असला तर हात पोचणंच मुश्कील.

वर जायला दुसरी वाटही होती. बेसवादक अँथनी जॅक्सन यांनी १९७५ मध्ये वाद्य बनवणाऱ्या कार्ल थॉम्पसन यांच्याकडून सहा तारांचा बेस करवून घेतला. त्यातल्या वरच्या सी तारेवर तोच ई सोळाव्या फ्रेटवर, हाताच्या आटोक्यात सापडतो.

आणि बेसवादक जॅको पास्टोरियस? त्यांनी फेंडरच्या १९६२ च्या 'जॅझ बेस'चे फ्रेटच उपटून टाकले. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर हार्मोनिक्सनी (तार न दाबता नुसती स्पर्शून निघणाऱ्या बारीक सुरांनी) विणलेली अख्खी रचना आहे. तुमच्या २० फ्रेटच्या बेसवर ए तार तिसऱ्या फ्रेटच्या किंचित पुढे नुसती स्पर्शून छेडा, दाबू नका. पट्टीच्या वरच्या टोकाला न मिळालेला तो ई तिथे, खाली, बारीक आवाजात वाजतो.