रोजची भाकर आन् रोजचा पश्चात्ताप, हे 'रोज' आलं कुठून

आमच्या इकडे मजुरीला जाणं म्हणजे 'रोजानं जाणं'. सालदाराचं वेगळं, त्याचा पाडव्याला वर्षाचा सौदा होतो, पण रोजानं जाणाऱ्याच्या हाती संध्याकाळी पैसे आले की मंग किराणा आन् मंग चूल. चर्चमध्ये येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतली 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' ही ओळ आली की मला हेच आठवतं, कारण येशू ज्यांच्यापुढं बोलत होता त्यातले बरेच असेच हातावर पोट असलेले असणार. मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या असं आहे, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायातले द्राक्षमळ्यातले मजूर पण रोजानंच ठरलेले, दिवसाला एक दिनार (तेव्हाचं रोमी नाणं).

त्याहून जुनी गोष्ट बायबलच्या निर्गम पुस्तकातल्या 16 व्या अध्यायातली, मान्नाची, म्हणजे रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना देव रोज देत होता त्या अन्नाची. माणशी एक ओमर (हे तेव्हाचं माप), तेवढंच गोळा करायचं, उद्यासाठी ठेवलं की किडे पडायचे (शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट चालायचं) आणि असं चाळीस वर्षं. वर्षाची ज्वारी घरात भरून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे पचायला जडच आहे बाप्पा.

आता प्रार्थनेत भाकरीला लागूनच 'आणि' येतो आन् मंग क्षमा. मत्तयमध्ये तिथं पाप हा शब्द नाहीच, 'ऋण' आहे, मूळ ग्रीकमध्ये पण कर्जाचाच शब्द, लूकनं आपल्या शुभवर्तमानात मात्र पाप लिहिलंय. कर्ज म्हणजे काय हे यवतमाळ-अमरावतीकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, व्याज झोपेतही चढतं हे त्याला माहीत आहे. अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांसाठी लिहिलेल्या 'दिदाखे' नावाच्या छोट्या पुस्तकात ही प्रार्थना दिवसातून 3 वेळा म्हणा असं सांगितलंय, म्हणजे क्षमा पण 3 वेळा मागणं आलं.

मंग हे रोजचं वर्षावर कसं गेलं? 1215 ला रोममध्ये भरलेल्या चर्चच्या लॅटरन परिषदेनं नियम केला की प्रत्येकानं वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढं पापकबुली द्यायची. आता 'निदान' म्हटलं की माणूस तेवढंच करतो, सोसायटीचं कर्ज मार्चमध्ये नवं-जुनं करून घेतात तसं. त्यात लॅटिन बायबलमध्ये 'पश्चात्ताप करा' याच्या जागी जे शब्द होते त्याचा अर्थ लोक 'प्रायश्चित्त घ्या' असा लावायचे. 1516 ला इरॅस्मस नावाच्या विद्वानानं ग्रीक नवा करार छापला, मूळ शब्द मन पालटण्याचा आहे हे मार्टिन लूथर या जर्मन धर्मसुधारकाच्या ध्यानात आलं. हा माणूस मठात असताना तासन् तास कबुली देत बसायचा तरी त्याला चैन नव्हतं. 1517 च्या त्याच्या 95 मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा हा की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असं प्रभूला पाहिजे. आपल्याला ते मुद्दे फक्त पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्यावरून माहीत असतात, पहिला कोणी वाचतच नाही. 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीत तर त्यानं सरळ लिहिलं की आपल्यातल्या जुन्या आदामाला, म्हणजे पापी स्वभावाला, रोजच्या पश्चात्तापानं बुडवून मारायचं.

पुढं 1742 ला इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनाघरावर कर्ज होतं (इथं पण कर्जच!), ते फेडायला आठवड्याला एक-एक पेनी गोळा करत घरोघर फिरता फिरता कोणाच्या घरी काय चाललंय ते कळायला लागलं, त्यातूनच छोट्या गटात बसून आपलं चुकलं ते सांगायची पद्धत पडली. त्याच झाडाची एक फांदी म्हणजे 1860 ला अमेरिकेत निघालेली फ्री मेथडिस्ट मंडळी, आन् तीच आपल्या यवतमाळात आली. युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं विद्यालय, 1953 ला यवतमाळातच सुरू झाली, पुण्याला गेली ती 1983 मध्ये.

शब्दाचं एक राहिलं. मराठी 'पश्चात्ताप' मध्ये नुसता मागाहूनचा ताप आहे, जुन्या करारातला हिब्रू शब्द 'शूब', त्याचा अर्थ सरळ मागं फिरणं, आपल्या भाषेत वापस येणं. आमची आजी शाळेत गेली नव्हती. सकाळी चूल पेटवायच्या आधी डोक्यावर पदर घेऊन, काल कोणाला काय बोलली ते पुटपुटून झालं की म्हणायची, "देवबापा, वापस आली मी." आन् मंग परातीत पीठ घ्यायची.