मोनोक्लोनल प्रतिपिंडे: एका पेशीच्या वंशातून घडलेले औषध

शरीरात विषाणू शिरला की निरनिराळ्या बी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) त्याच्या निरनिराळ्या भागांना चिकटणारी प्रतिपिंडे तयार करतात आणि रक्तात त्या सर्वांचे मिश्रण फिरत राहते. संसर्गाशी लढायला हे मिश्रण उत्तमच. परंतु औषधाने एकाच रेणूवर नेम धरावा असे वाटत असेल, तर एकाच बी पेशीच्या वंशातील, तंतोतंत सारखी प्रतिपिंडे हवीत. तीच मोनोक्लोनल प्रतिपिंडे होत.

अडचण एवढीच होती की बी पेशी शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही. १९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्ज कोलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतील बी पेशींचा मायलोमा या कर्करोगाच्या पेशींशी संकर केला. या संकरातून जन्मलेली हायब्रिडोमा पेशी हवे ते प्रतिपिंडही बनवत होती आणि अखंड वाढतही होती. एरवी जीवघेणा ठरणारा कर्कपेशींचा चिवटपणा इथे उपयोगी पडला, ही गंमतच म्हणायची. या कार्यासाठी दोघांना १९८४ चे नोबेल पारितोषिक नील्स येर्ने यांच्यासह मिळाले.

प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून म्युरोमोनॅब हे अशा प्रकारचे पहिले औषध १९८६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मात्र ते उंदराचे प्रथिन असल्यामुळे रुग्णाचे शरीर त्याच्याच विरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागे. म्हणून पुढे नेम धरणारा भाग तेवढा उंदराचा ठेवून उरलेला मानवी करण्यात आला आणि २००२ मध्ये संपूर्ण मानवी स्वरूपाचे अडालिम्युमॅब वापरात आले.

या औषधांची कामाची रीत एकच नाही. रिटुक्सिमॅब बी पेशींवरील सीडी२० या प्रथिनाला चिकटून त्या पेशी नष्ट करवते, तर ट्रास्टुझुमॅब स्तनाच्या कर्करोगातील एचईआर२ या ग्राहीला (पेशीच्या पृष्ठभागावरील, संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) अडवते. ज्या गाठीत ही ग्राही मुबलक नाही, तिथे त्याचा उपयोग होत नाही, म्हणून आधी गाठीची तपासणी करतात. मला सर्वांत विलक्षण वाटते ते पेम्ब्रोलिझुमॅब, कारण ते कर्कपेशीला थेट मारत नाही. टी पेशी या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींवरील पीडी-१ हा लगाम सैल करून शरीराच्याच सैन्याला मोकळे सोडते.

प्रतिपिंडे ही प्रथिने असल्याने गोळीतून दिल्यास ती पचून जातील, त्यामुळे ती टोचून किंवा सलाइनमधून द्यावी लागतात. नेम अचूक असला तरी दुष्परिणाम टळत नाहीत: संधिवातात दाह शमवण्यासाठी टीएनएफ हा रेणू रोखला, तर शरीरात सुप्त असलेला क्षयरोग डोके वर काढू शकतो, आणि म्हणूनच असे उपचार सुरू करण्यापूर्वी डॉक्टर क्षयरोगाची चाचणी करून घेतात.